पुसू नका, वापरा!

आपल्याकडे कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती पुसायची पद्धत आहे. मेसमधलं ताट असो, गाडीवरचं सफरचंद असो, चष्मा असो नाहीतर मोबाइल, शर्टाचं टोक किंवा ओढणी सदैव तयारच असते. पुसलं की बरं वाटतं. आमच्या शाळेत तर सिस्टर दर शुक्रवारी शेवटच्या तासाला डेस्क पुसून घ्यायच्या आणि ‘क्लीनलीनेस इज नेक्स्ट टू गॉडलीनेस’ हे वाक्य आम्हाला रोजच्या प्रेयरइतकं पाठ होतं. त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेल्या मुलीने ‘पुसू नका’ असं सांगायला निघावं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत मी ठामपणे सांगते, की धुळीने जेवढ्या लेन्सेस खराब होत नाहीत, तेवढ्या पुसण्याने होतात. आणि पुसण्यातून ज्या वाचतात, त्या आपण कपाटात बंद करून मारतो.

हा विषय आत्ताच का, तर जिमखान्याचा नवा कॅमेरा मंजूर झाल्याची बातमी एव्हाना सगळ्या होस्टेलभर झाली आहे. आनंद आहेच! पण हा नवा कॅमेरा जिथे जाणार ते कपाट जुनंच आहे, आणि जुन्या कॅमेऱ्याचं तिथे काय झालं हे फोटोग्राफी क्लबच्या बाहेर फार कोणाला माहीत नाही. फेब्रुवारीत गॅदरिंग संपलं, कॅमेरा आणि दोन लेन्सेस बॅगेत घालून लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लागलं. ते उघडलं थेट गणपतीच्या आदल्या दिवशी. मोठी लेन्स ट्यूबलाइटसमोर धरून आतून पाहिली, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू! बुरशी. फंगस. दुरुस्तीवाल्याने लेन्स खोलायचा जो आकडा सांगितला, त्यात दुसरी सेकंडहँड लेन्स आली असती. आणि वर तो म्हणाला, “साफ करून देतो, पण डाग राहिले तर मला विचारू नका.”

त्यानंतर कपाटावर एक कागद चिकटला. ‘विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्यास हात लावू नये.’ माझं या कागदाशी भांडण आहे, म्हणून हा लेख.

आधी पुसण्याचं बघू. मोबाइलमुळे आपली सवय बिघडली आहे असं माझं मत आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरची बाहेरची काच मुद्दाम कडक बनवलेली असते, ती जीन्सवर घासली तरी सहसा काही होत नाही. दिवसभर बोटांचं तेल लागून फोटो धुरकट येतात, म्हणून ती पुसायलाच लागते. तिथे चालून जातं ते आपण मोठ्या लेन्सवरही करतो. पण मोठ्या लेन्सच्या काचेवर कोटिंग असतं. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये थिन फिल्मचं इंटरफिअरन्स आपण सगळ्यांनी मार्कांपुरतं पाठ केलंय. आठवतंय? तेच हे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? आता एखाद्या झूम लेन्समध्ये काचेचे १२ गट आहेत असं धरा. म्हणजे हवा आणि काच यांच्या सीमा झाल्या २४. कॅल्क्युलेटरवर ०.९६ चा २४ वा घात काढा. उत्तर येतं सुमारे ०.३८. साठ टक्क्यांहून जास्त प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतच नाही, आणि जो परत फिरला तो आतल्या आत उड्या मारून फोटो फिका करतो. यावर उपाय म्हणून काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा थर देतात. त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव, म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर. आपला केस याच्या कित्येक शेकडोपट जाड असतो. जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली ही कृती काढली. आताच्या लेन्सवर असे अनेक थर एकावर एक असतात.

यातली गंमत अशी की या शोधाचं मूळ एका ‘घाणेरड्या’ लेन्समध्ये आहे. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेनिस टेलर नावाच्या लेन्स बनवणाऱ्याच्या लक्षात आलं, की जुन्या झालेल्या, काच काळपट पडलेल्या काही लेन्सेसमधून नव्या चकचकीत लेन्सपेक्षा जास्त प्रकाश जातोय. हवेमुळे काचेवर आपोआप पातळ थर तयार झाला होता. त्या लेन्स कोणी घासूनपुसून लख्ख केल्या असत्या तर तेवढं ज्ञान त्या फडक्याबरोबर गेलं असतं!

तर मुद्दा असा, की या पातळ थरावरून आपण ओढणी फिरवतो. ओढणीने ओरखडे पडत नाहीत, ओढणीत अडकलेल्या धुळीने पडतात. काचेची कठीणता मोह्सच्या स्केलवर साधारण साडेपाच, आणि वाळूतल्या क्वार्ट्‌झची ७. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टची धूळ घेतली, तरी त्यातलं फेल्डस्पार ६ च्या आसपास भरतं. होस्टेलच्या मागे नव्या इमारतीचं काम चालू आहे, तिथून जे उडून आपल्या खिडकीत बसतं, त्यातलं बरंचसं काचेपेक्षा कठीण असतं. थोडक्यात, लेन्सवर धूळ असताना कोरडं फडकं फिरवणं म्हणजे तिला पॉलिश पेपर मारणं.

म्हणून पहिलं काम फुंकणं. तोंडाने नाही! तोंडाच्या फुंकरीत थुंकीचे तुषार असतात आणि बुरशीला तो प्रसादच. रबरी फुग्यासारखा ब्लोअर मिळतो, तो घ्यावा. लेन्सचं तोंड जमिनीकडे करून चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडते. कॉम्प्युटर लॅबमधला हवेचा डबा मात्र वापरायचा नाही, कारण तो तिरका झाला की आतला थंडगार द्रव काचेवर उडतो. ब्लोअरने गेलं नाही ते मऊ ब्रशने काढायचं. त्या ब्रशला बोट लावायचं नाही, नाहीतर आपलंच तेल काचेवर फासलं जातं. माझा अनुभव असा की दहापैकी नऊ वेळा काम इथेच संपतं. आणि इथेच थांबायला आपल्याला जमत नाही!

बोटाचा ठसा किंवा पावसाचा वाळलेला थेंब असेल तरच पुढे जायचं. स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडावर किंवा लेन्स टिश्यूवर लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब टाकायचे. लेन्सवर नाही, कापडावर. लेन्सवर टाकलेला थेंब कडेच्या फटीतून आत जातो आणि मग तो बाहेर काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो. मधून सुरू करून गोल-गोल कडेकडे यायचं, अगदी हलक्या हाताने. बाळाचं नाक पुसावं तसं. काचा पुसायचा निळा स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, केमिस्ट्री लॅबमधलं ॲसिटोन हे सगळं वर्ज्य. ॲसिटोनने तर कॅमेऱ्याचं प्लॅस्टिकच विरघळतं. मायक्रोफायबरचं कापड धुताना त्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये, त्याचा थर मग काचेवर येतो. आणि ते कापड खिशात चुरगळून न ठेवता पिशवीत ठेवावं, नाहीतर तेही ओढणीच झालं.

आता कोणी म्हणेल, एवढी धूळ राहिली तर फोटो खराब येणार नाही का? हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करून पाहावा. पोस्ट-इटचा शेंगदाण्याएवढा तुकडा ५० मिमीच्या लेन्सच्या पुढच्या काचेवर हलकेच टेकवा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि समोर लांब उभ्या असलेल्या मित्राचा फोटो काढा. कागद फोटोत दिसत नाही! इतक्या जवळची वस्तू फोकसच्या पार बाहेर असते, तिचा प्रकाश सगळ्या चित्रभर पसरून जातो. थोडा कॉन्ट्रास्ट कमी होतो, समोरून ऊन येत असेल तर चमक जास्त दिसते, एवढंच. म्हणजे ज्या धुळीच्या कणासाठी आपण लेन्स घासतो, तो कण फोटोत येणारच नसतो. मागची काच मात्र वेगळी. ती सेन्सरच्या जवळ असते, तिथला डाग जास्त जाणवतो. आपण पुढची काच रोज पुसतो आणि मागच्या काचेवरचा अंगठ्याचा ठसा वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, हाही आपल्या स्वच्छतेचा एक नमुना.

फोटोत काळे ठिपके दिसतात ते सहसा सेन्सरवरच्या धुळीचे. ॲपर्चर एफ/१६ ला ठेवून फोकस बिघडवून निरभ्र आकाशाचा फोटो काढला की ते उठून दिसतात. यावर इलाज सुरुवातीला कॅमेऱ्यातच असतो. ऑलिंपसच्या २००३ सालच्या ई-१ कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकायची सोय पहिल्यांदा आली, आता बहुतेक कॅमेऱ्यांत ती आहे. मेन्यूत जाऊन ते आधी दोन-चारदा चालवावं. मग ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली. डीएसएलआर असेल तर मेन्यूतून आरसा वर उचलून घ्यायचा आणि बॅटरी पूर्ण चार्ज असल्याशिवाय या भानगडीत पडायचं नाही. मध्येच बॅटरी गेली तर आरसा आणि शटर खाली येतात. त्या आरशाला तर फडकंसुद्धा लावू नये. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढे असतो. ओल्या स्वॅबने सेन्सर पुसायचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. इथे मी हातचं राखून बोलतेय असं वाटलं तरी चालेल.

गुलालाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या कॉलेजात कॅमेरा सर्वात जास्त राबतो तो गणपतीत. ढोल-ताशा सुरू झाला, गुलाल उधळला, की फोटोग्राफर मंडळी झूम पुढे-मागे करत पथकात घुसतात. झूम लांब होताना लेन्स पिचकारीसारखी बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेत गुलाल असेल तर गुलालच आत जातो. विसर्जनानंतर लेन्स लालगुलाबी दिसते म्हणून कोणीतरी ओला रुमाल आणतो. तो हात वाटेतच धरावा! गुलाल ओला झाला की रंग सुटतो आणि फटीफटींत जाऊन बसतो. झूमची रिंग अजिबात न फिरवता आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश, पुन्हा ब्लोअर. बॉडीवरच्या बटणांभोवती जुना मऊ टूथब्रश चालतो. सगळा कोरडा गुलाल गेल्यावरच उरलेल्या डागाला ओलसर कापड. त्याहून सोपं म्हणजे मिरवणुकीच्या आधीच लेन्सला फिल्टर लावावा आणि सगळा कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुढे भोक पाडून रबरबँड बांधावा. दिसायला गबाळं दिसतं, पण गणपती सगळ्यांकडे सारख्याच नजरेने बघतो.

समुद्रावर याच्या उलट. कोकणात सहल गेली की वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, पाणी वाळतं आणि मीठ राहतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि धातू गंजवतं. तिथे नुसत्या कोरड्या ब्रशने भागत नाही. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी त्याच दिवशी पुसून घ्यावी.

आता कपाट. खरी लढाई इथे आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, नव्या लेन्सच्या आतसुद्धा. त्यांना रुजायला ओल, अंधार आणि न हलणारी हवा लागते, आणि खायला थोडी धूळ नाहीतर बोटाचं तेल. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की त्यांचं फावतं. पावसाळ्यात आपल्या होस्टेलच्या खोल्यांत दोऱ्यांवर कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चपलांवर पांढरी बुरशी चढते, हे मी काय सांगायचं! जिमखान्याची खोली तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला ओल, त्या भिंतीला टेकून कपाट, कपाटात फोमची बॅग, बॅगेत लेन्स. मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना बुरशी वाढवायला दिली असती, तर त्यांनी यापेक्षा वेगळं काही केलं नसतं. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते काच खातं. म्हणून दुरुस्तीवाला डागांची खात्री देत नव्हता. तंतू पुसता येतात, खाल्लेली काच परत येत नाही.

बॅगेत डांबराच्या गोळ्या टाकलेल्या होत्या. हेतू चांगलाच होता, पण डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, त्यांच्या वाफा मात्र काचेवर बसू शकतात. तांदळाचाही सल्ला मिळतो. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पिठूळ धूळ मात्र भरपूर देतो. आणि ‘उन्हात ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की लेन्स हे भिंगच आहे. तिचं तोंड सूर्याकडे राहिलं तर आत काय जळेल सांगता येत नाही.

खरा उपाय प्रत्येकाच्या आईला ठाऊक आहे. पावसाळ्यात पापड कशात ठेवतात? घट्ट झाकणाच्या डब्यात. बस! रबरी रिंगचा मोठा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि काहीशे रुपयांचा छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. फार कोरडंही नको, ३० च्या खाली गेलं तर रबर आणि वंगणाला बरं नसतं. रंग बदलणारं जेल घ्यावं, म्हणजे भिजलं की कळतं. जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं विषारी संयुग असायचं, म्हणून नारिंगी बरं. भिजलेलं जेल फेकायचं नसतं, तापवलं की परत चालू. आणि आपल्या सिव्हिलच्या सॉइल लॅबमध्ये मातीचं मॉइश्चर काढायला जो ओव्हन असतो, तो १०५ ते ११० अंशांवरच चालतो. एका ट्रेमध्ये मूठभर जेल ठेवायला सिव्हिलचे सर नाही म्हणतील असं मला वाटत नाही. बजेट असेल तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट मिळतं, उत्तमच. पण ते येईपर्यंत डबा.

आणि डब्याहूनही महत्त्वाचं म्हणजे वापर. जो कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर निघतो, ज्याची झूम फिरते, ज्याला उजेड-वारा लागतो, त्याला बुरशी सहसा धरत नाही आणि धरलीच तर पहिल्या तंतूलाच दिसते. म्हणून ‘हात लावू नये’ हा कागद मला चुकीचा वाटतो. लेन्स हात लावल्याने गेली नाही, सहा महिने कोणीच हात न लावल्याने गेली.

ऑफिसची बाजू मला कळते. कॅमेरा डेड स्टॉक रजिस्टरला चढलेला असतो, व्हेरिफिकेशनला तो जागेवर दिसला पाहिजे, हरवला तर कोणाच्या तरी पगारातून जाणार. कुलपात असलेली वस्तू रजिस्टरला सुरक्षित दिसते. पण रजिस्टरमध्ये ‘लेन्स, नग दोन’ एवढंच लिहायची सोय आहे, त्यातली एक आंधळी झाली हे लिहायला रकानाच नाही. आणि मामांना तर कोणी दोष देऊ नये. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी पिवळ्या फडक्याने कॅमेरा चकाचक करून देणारे तेच. त्यांना कॅमेऱ्याची जेवढी काळजी आहे, तेवढी क्लबातल्या निम्म्या मेंबरांना नाही. ब्लोअर त्यांच्या हातात द्यायचं मात्र आजवर कोणाला सुचलं नव्हतं. मी त्यांना दाखवला तेव्हा दोनदा दाबून म्हणाले, “अगं, हे तर आमच्या वेळच्या हॉर्नसारखं आहे की!” आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी मेन्यूतलं सेन्सर क्लीनिंगसुद्धा शिकून घेतलं.

माझी जिमखाना समितीच्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे, की नवा कॅमेरा यायच्या आधी डबा यावा. तो जिमखान्याच्या ओल्या खोलीत न राहता वरच्या मजल्यावर, लायब्ररीच्या काउंटरमागे राहिला तर उत्तम, तिथे रोज माणसं असतात आणि पंखा चालू असतो. जून ते सप्टेंबर दर शुक्रवारी क्लबचे दोघे आणि मामा मिळून डबा उघडतील, हायग्रोमीटरचा आकडा आणि जेलचा रंग वहीत लिहितील, लेन्स टॉर्चसमोर धरून बघतील, चार फोटो काढतील आणि सह्या करून बंद करतील. वीस मिनिटांचं काम आहे. हरवण्याची भीती असेल तर आयकार्ड ठेवून घ्या, दोघांची सही घ्या. पुस्तकांना चालतं ते कॅमेऱ्यालाही चालेल.

जुनी बुरशीची लेन्स सध्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली आहे, नव्या लेन्सशेजारी ती नकोच. ज्यांना पाहायची असेल त्यांनी क्लबमध्ये यावं. ट्यूबलाइटसमोर आडवी धरली की तंतू स्पष्ट दिसतात. येताना रुमाल आणला तरी चालेल, फक्त खिशातून काढू नये.